उत्पन्नाचा दाखला : कागद वेळेवर, मर्यादा मागच्या शतकातल्या

दहावी-बारावीचे निकाल लागले की ठाण्यातल्या सेवा केंद्रांबाहेर ज्या कागदासाठी रांगा लागतात, त्या उत्पन्नाच्या दाखल्याचे हे परीक्षण आहे. दाखला तहसीलदारांच्या अधिकारात मिळतो, अर्ज ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावरून किंवा वस्तीतल्या सेवा केंद्रातून होतो, आणि शिष्यवृत्ती, निराधारांचे अनुदान, धर्मादाय रुग्णालयातील सवलत, शाळाप्रवेश किंवा म्हाडाची सोडत यांपैकी जवळपास प्रत्येक दारावर तो दाखवावा लागतो. आमच्या सोसायटीत पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना त्यांच्या मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी आणि सासूबाईंच्या अनुदानासाठी असे दोन कामांकरिता हे दाखले हवे होते, म्हणून लोकमान्यनगर भागातील एका केंद्रात त्यांच्याबरोबर जाणे झाले. त्या केंद्राचे नाव येथे देत नाही, कारण जे पाहिले ते त्या एकाच दुकानाचे वैशिष्ट्य आहे असे मला वाटत नाही.

प्रथम सेवेविषयी. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, छायाचित्र, स्वयंघोषणापत्र आणि उत्पन्नाचा पुरावा एवढी कागदपत्रे लागतात. नोकरदाराला वेतनचिठ्ठी किंवा फॉर्म १६ चालतो. ज्यांच्या कमाईची कुठेच नोंद नसते त्यांच्या बाबतीत तलाठ्याच्या चौकशी अहवालावर भिस्त असते. एक वर्षाचा आणि तीन वर्षांचा असे दोन प्रकार आहेत, आणि अर्ज भरतानाच कोणता हवा ते ठरवावे लागते. नॉन-क्रीमीलेयर, म्हणजे मागास प्रवर्गातील सधन स्तरात मोडत नसल्याच्या, प्रमाणपत्रासाठी तीन वर्षांचा लागतो, हे मुलांना बहुतेक वेळा प्रवेशाची मुदत तोंडावर आल्यावर कळते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला आणि त्याखाली या दाखल्यासाठी १५ दिवसांची मुदत ठरवून दिली गेली. आमचा दाखला मुदतीच्या आत आला. त्यावर डिजिटल सही आणि बारकोड असतो, त्यामुळे महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज करताना बारकोडचा क्रमांक टाकला की पडताळणी होते आणि झेरॉक्सच्या गठ्ठ्यावर साक्षांकनासाठी राजपत्रित अधिकारी शोधत फिरावे लागत नाही. ज्यांनी तहसील कचेरीच्या व्हरांड्यात स्टॅम्प पेपर घेऊन तास काढले आहेत, त्यांना या सुधारणेची किंमत सांगावी लागणार नाही.

कचेरी कोणती, हा मात्र नवी मुंबईकरांना हमखास अडकवणारा प्रश्न आहे. दिघा, ऐरोली, वाशी, नेरूळपासून बेलापूरपर्यंतचा भाग महसुली हिशेबात ठाणे तालुक्यात येतो, तर खारघर, कामोठे, कळंबोली हे रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात. बेलापूर आणि खारघर ही लागून असलेली स्थानके असली तरी त्यांचे तहसीलदार वेगळे आहेत, आणि तालुका चुकीचा निवडलेला अर्ज परत येतो. शिधापत्रिकेचा कारभार तर याहून निराळा. मुंबई-ठाणे शिधावाटप क्षेत्रात ते काम तहसीलदारांकडे नसून शिधावाटप कार्यालयाकडे असते, त्यामुळे दाखल्याच्या खिडकीवर रेशन कार्डाची चौकशी करून उपयोग नाही.

आता मुख्य गोष्ट. केंद्रातील तरुणाने अर्ज उघडला आणि पहिला प्रश्न विचारला तो “कमाई किती?” असा नव्हे, तर “कशासाठी पाहिजे?” असा. मावशींनी सांगितले, एक मुलीच्या कॉलेजसाठी आणि एक सासूबाईंच्या श्रावणबाळसाठी. “मग मुलीचा अडीच लाखांच्या आत बसवतो, आणि आजींचा एकवीस हजारांचा काढावा लागेल,” असे तो इतक्या सहजतेने म्हणाला की जणू गणवेशाचे माप विचारतो आहे. मावशी चार घरी पोळ्या करून महिन्याला १०,००० मिळवतात, यजमान एका सुरक्षा एजन्सीत १२,००० वर आहेत. म्हणजे वर्षाचे २,६४,०००. मावशी त्याला म्हणाल्या, “अहो दादा, एकवीस हजारांत तर वर्षाचं खोलीचं भाडंसुद्धा निघत नाही. तलाठी भाऊसाहेब विचारतील ना, खाता काय म्हणून?” त्यावर तो हसला आणि म्हणाला, “मावशी, त्यांना माहितेय.”

केंद्राबद्दल माझी तक्रार या संभाषणापुरतीच आहे, असे म्हणता आले असते. शुल्काचा फलक भिंतीवर होता, पण त्याच्यावर एका पतपेढीचे कॅलेंडर लटकवलेले होते आणि ठरलेल्या शुल्कापेक्षा जास्त पैसे मागितले गेले. कॅलेंडर बाजूला करून फलक वाचल्यावर रक्कम लगेच कमी झाली. पण हे किरकोळ. गंभीर बाब अशी की स्वयंघोषणापत्रावर सही केंद्रचालकाची नसते, मावशींची असते. दिलेली माहिती खोटी ठरल्यास कारवाईला मी पात्र राहीन, या अर्थाच्या मजकुराखाली ज्या बाईने नाव लिहायचे, तिला आकडा मात्र दुसरा कोणीतरी सुचवतो. शिवाय तो सल्ला चुकीचाही होता. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने इतर मागास प्रवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग यांतील मुलींना केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे, आणि तिची मर्यादा कौटुंबिक उत्पन्नाची ८ लाख रुपये आहे. मावशींची मुलगी इतर मागास प्रवर्गातील. तिला ‘अडीचच्या आत’ बसण्याची मुळीच गरज नव्हती. खरे २,६४,००० लिहून तिचे काम झाले.

सासूबाईंचे झाले नाही, आणि ते का झाले नाही हे पाहिल्यावर लक्षात येते की दाखला हे केवळ मोजण्याचे साधन आहे. खरा प्रश्न तो ज्या खुणांशी ताडून पाहिला जातो त्या खुणांचा आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि ६५ वर्षांवरील वृद्धांसाठीची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना या दोन्हींची सर्वसाधारण मर्यादा वार्षिक २१,००० रुपये कौटुंबिक उत्पन्नाची आहे. म्हणजे महिन्याला १,७५०. दिवसाचे सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये, आणि तेही साऱ्या कुटुंबाचे. अनुदान मात्र वेळोवेळी वाढले आणि २०२३ मध्ये ते दरमहा १,५०० झाले, म्हणजे वर्षाला १८,०००. मदत मर्यादेच्या जवळपास येऊन पोचली, तरी मर्यादा जागची हलली नाही. आपल्याच जिल्ह्यातील शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एखाद्या मजुराचे उदाहरण घेऊ. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. कायद्याने हमी दिलेले १०० दिवस त्याने पूर्ण भरले असते तर त्याचे उत्पन्न २९,७०० झाले असते, आणि एका सरकारी योजनेवर प्रामाणिकपणे राबल्याबद्दल त्याच्या घरातील म्हातारी दुसऱ्या सरकारी योजनेतून बाद झाली असती. ठाण्यासारख्या शहरात तर २१,००० च्या आत राहणारे कुटुंब कोणत्या खोलीत राहते, हे दाखवून देण्याचे आव्हान मी कोणत्याही अधिकाऱ्याला देईन. तरीही या योजनांचे लाभार्थी शहरात आहेत, आणि ते असायलाही हवेत, कारण त्यांपैकी बहुतेक जण खरोखर गरजू आहेत. ते लबाड आहेत असे मी म्हणत नाही. मर्यादा इतकी अवास्तव आहे की खरा गरीबही तिच्यात खोटे बोलूनच शिरू शकतो, एवढेच म्हणतो.

यावर केंद्रात एक तोडगाही तयार असतो. आजींचे नाव मुलाच्या शिधापत्रिकेतून कमी करून वेगळी शिधापत्रिका काढा, म्हणजे त्यांचे उत्पन्न शून्य दिसेल. एकाच पातेल्यातला भात खाणारी घरे अशी कागदावर विभक्त होतात. मावशींनी हा मार्ग नाकारला, कारण सासूबाईंना तो “घरातून काढल्यासारखा” वाटला. मला त्या नकाराचा आदर वाटतो, पण त्याची किंमत दरमहा १,५०० रुपये आहे आणि ती मी मोजत नाही, त्या मोजतात.

शिधापत्रिकेचीच मर्यादा पाहा. पिवळी, केशरी आणि शुभ्र अशी तिरंगी पद्धत १ मे १९९९ पासून आली. वार्षिक १५,००० पर्यंत पिवळी, त्यावर १ लाखापर्यंत केशरी, त्याहून अधिक असल्यास शुभ्र. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी १ फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली, तेव्हा या कायद्याखाली धान्य मिळणाऱ्या ‘प्राधान्य कुटुंबा’साठी शहरी भागात ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० अशी मर्यादा ठरली. सर्वांत गरीब गटातील अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळते, आणि २०२३ पासून ते मोफत आहे. पण मर्यादेच्या आत असणे पुरेसे नाही. कायद्याने राज्याच्या ग्रामीण लोकसंख्येपैकी ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी ४५.३४ टक्के एवढ्यांनाच सामावून घेतले आहे, आणि ही लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची आहे. या ठरलेल्या संख्येला सरकारी भाषेत ‘इष्टांक’ म्हणतात. इष्टांक भरला असेल तर ५०,००० उत्पन्नाचा अस्सल दाखला हातात घेऊनही माणूस थांबतो, आणि ‘साहेब, कधी होईल?’ या प्रश्नाला कोणाकडेच तारीख नसते. घोडबंदर रोड आणि दिवा २०११ नंतर किती वाढले हे ठाणेकरांना सांगायला नको.

५९,००० हा आकडा अगदीच हवेतून आलेला वाटत नाही. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी काढलेली देशाची दारिद्र्यरेषा शहरात दरडोई दरमहा १,००० रुपये आणि खेड्यात ८१६ रुपये होती. पाच माणसांच्या शहरी कुटुंबाचे वर्षाचे ६०,००० होतात, म्हणजे शिधापत्रिकेची मर्यादा त्याच्या अगदी शेजारी बसते. पुढे २०१४ मध्ये रंगराजन समितीने शहरासाठी १,४०७ चा आकडा सुचवला. त्या हिशेबाने तेच कुटुंब ८४,४२० पर्यंत गरीब ठरले असते. पण या दोन्ही रेषा खर्चाच्या आहेत, उत्पन्नाच्या नाहीत. लोकांना कमाई विचारली तर नीट उत्तर मिळत नाही, म्हणून आपल्याकडे दारिद्र्याची पाहणी घरात काय आणि किती खर्चले यावर होत आली आहे. अर्थतज्ज्ञांनी जे मोजण्याचे टाळले, तेच मोजून प्रमाणित करण्याचे काम आपण एका तलाठ्यावर सोपवले आहे, आणि तेही १५ दिवसांत.

मर्यादा जुनी असली तर काय होते याचे उत्तम उदाहरण २०२४ च्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेने दिले. मर्यादा अडीच लाखांची, म्हणजे तुलनेने वास्तवाला धरून. पण पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट. कागदावर हे बिनचूक आहे, कारण केशरी शिधापत्रिका म्हणजे १ लाखाच्या आतले उत्पन्न. प्रत्यक्षात ती शिधापत्रिका वीस वर्षांपूर्वी निघालेली असते आणि तेव्हापासून घरातील दोन मुले कमावती झालेली असतात. मावशींच्या चाळीत शेजारच्या घराला जुनी केशरी शिधापत्रिका असल्याने काहीच विचारले गेले नाही. मावशींचे रेशन कार्ड अलीकडचे आणि म्हणून शुभ्र, त्यामुळे त्यांना दाखला लागणार होता, आणि तो १४,००० रुपयांनी जास्त निघत असल्याने त्यांनी अर्जच केला नाही. दोन्ही घरांतली कमाई साधारण सारखी.

या चौदा हजारांविषयी थोडे थांबून बोलायला हवे. प्राप्तिकरात टप्पा ओलांडला तर वरच्या रकमेवरच वाढीव दर लागतो. मदतीच्या योजनांत बहुधा रेषेच्या अलीकडे सगळे आणि पलीकडे शून्य. पगार महिन्याला हजार-बाराशे रुपयांनी वाढला म्हणून लाडकी बहीणचे वर्षाचे १८,००० जाणार असतील, तर ती वाढ घरात नुकसान म्हणूनच येते. याला पायऱ्या करता येतात, आणि आपल्याकडेच त्या केलेल्या आहेत. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. पहिल्यांची मर्यादा १,८०,००० आणि दुसऱ्यांची ३,६०,०००. मावशींचे कुटुंब पहिल्या पायरीवर बसत नसले तरी दुसऱ्या पायरीवर बसते, आणि हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तर राज्याने याहून सरळ मार्ग पत्करला: पूर्वी ती पिवळ्या-केशरी शिधापत्रिकाधारकांसाठी होती, आता रंगाची अट काढून ती ५ लाखांच्या संरक्षणासह राज्यातील सर्वांना खुली केली आहे. त्या निर्णयानंतर निदान एका कामासाठी तरी दाखल्याची रांग कमी झाली.

‘कुटुंब’ कोणाला म्हणायचे, यावरही एकमत नाही. लाडकी बहीण योजनेत पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले; आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणात उमेदवार, त्याचे आई-वडील, पती किंवा पत्नी, आणि अठरा वर्षांखालील भावंडे व मुले. तिथे मर्यादा ८ लाख आणि पगार-शेतीसह सगळे उत्पन्न धरले जाते. इतर मागास प्रवर्गाच्या नॉन-क्रीमीलेयरमध्येही मर्यादा ८ लाखच, पण पगार आणि शेतीचे उत्पन्न त्या कसोटीत मिळवले जात नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांवर दुर्बल घटकासाठी १ लाख. आणि म्हाडाच्या सोडतीत मुंबई महानगर प्रदेशात ‘अत्यल्प उत्पन्न गट’ म्हणजे ६ लाखांपर्यंत. ऐरोलीतील एखादे ५,९०,००० कमावणारे जोडपे घराच्या बाबतीत अत्यल्प उत्पन्नाचे ठरते, आणि त्याचे उत्पन्न अन्नसुरक्षेच्या मर्यादेच्या बरोबर दहापट असते. दोन्ही आकड्यांना आपापले कारण आहे, कारण तांदूळ आणि सदनिका यांच्या किमती एका मापाच्या नाहीत. पण ६ लाखांचा आकडा अलीकडे बाजारभाव पाहून सुधारला गेला आणि २१,००० चा नाही, यामागे मला दुसरे कारण दिसते. घराची सोडत न लागलेला माणूस तक्रार करतो. एकवीस हजारांच्या अटीत अडकलेल्या आजी करत नाहीत.

गुण द्यायचेच तर दाखला देण्याच्या यंत्रणेला मी पाचपैकी चार देईन. एक गुण केंद्रांवरील सल्लेगिरीसाठी कापतो. ज्या मर्यादांसाठी तो वापरला जातो त्यांत धर्मादाय रुग्णालये आणि मुलींच्या शुल्कसवलतीची मर्यादा चांगल्या, लाडकी बहीणची रक्कम ठीक पण पडताळणी ढिली, शिधापत्रिकेची कालबाह्य, आणि निराधार व श्रावणबाळची २१,००० ची मर्यादा एका गुणाच्याही लायकीची नाही. ती महागाईशी जोडून दरवर्षी आपोआप वाढावी, एवढी साधी मागणी या शहरातल्या नगरसेवकांपासून आमदारांपर्यंत कोणीही लावून धरू शकतो.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. एक वर्षाचा दाखला साधारणपणे ३१ मार्चपर्यंत चालतो, त्यामुळे फेब्रुवारीत काढलेला जूनमधल्या प्रवेशाला उपयोगी पडत नाही; एप्रिल लागताच अर्ज करावा, जूनच्या गर्दीत नको. केंद्रात जाण्यापूर्वी आपल्या योजनेची मर्यादा स्वतः पाहून घ्यावी, कारण केंद्रचालक सवयीने सगळ्यात खालचा आकडा सुचवतो. दाखल्यावरील नाव आधार कार्डावरच्या स्पेलिंगशी ताडून पाहावे. पावती आणि अर्जाचा क्रमांक जपून ठेवावा. १५ दिवस उलटले किंवा अर्ज फेटाळला गेला तर कारण लेखी मागावे आणि ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करावे. लोकसेवा हक्क कायद्यात विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे, आणि अपिलाची गोष्ट निघाली की फाइल हलते असा परिसरातील अनेकांचा अनुभव आहे. अर्ज घरून स्वतःच्या लॉगिनवरूनही भरता येतो. शक्य असेल त्याने तोच मार्ग धरावा, कारण त्या पडद्यावर उत्पन्नाच्या चौकटीत आकडा आपल्यालाच टाकावा लागतो.